एसबीसीएलमधून बाहेरचे प्रोग्राम चालवताना: इनपुट-आउटपुटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉमन लिस्प बऱ्यापैकी येतं, पण लिस्पमधून दुसरा प्रोग्राम चालवायची वेळ आली की कधी आउटपुट गायब होतं, कधी सगळंच अडकून बसतं, अशांसाठी हे पान आहे. उत्तरं लिनक्सवरच्या एसबीसीएलला (कॉमन लिस्पच्या एका इम्प्लिमेंटेशनला) धरून दिली आहेत. कोडमधली नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत आहेत, टाइप करताना ती नेहमीच्या रोमन रूपातच लिहायची. उदाहरणांत टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारा) आणि पीडीएफटुटेक्स्ट (पीडीएफमधून मजकूर काढणारा) हे दोन प्रोग्राम पुन्हा पुन्हा येतील, कारण मराठी मजकुरावर काम करणाऱ्याची गाठ बहुधा यांच्याशीच पडते.

कॉमन लिस्पच्या मानकात यासाठी काहीच नाही का?

नाही. १९९४ च्या अन्सी मानकात स्ट्रीम आहेत, फाइली आहेत, पाथनेमचं अख्खं प्रकरण आहे, पण दुसरी प्रोसेस सुरू करण्याबद्दल चकार शब्द नाही. त्यामुळे प्रत्येक इम्प्लिमेंटेशनने आपापली सोय केली. एसबीसीएल (स्टील बँक कॉमन लिस्प) १९९९ मध्ये सीएमयूसीएलपासून, म्हणजे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉमन लिस्पपासून, वेगळं झालं आणि त्याचं रन-प्रोग्राम हे फंक्शन तिथूनच वारशाने आलं. (कार्नेगींचं पोलाद आणि मेलन यांची बँक मिळून ‘स्टील बँक’ हे नाव झालं. लिस्पवाल्यांचे विनोद साधारण या पातळीचे असतात.)

सीसीएल, क्लिस्प, ईसीएल या इतर इम्प्लिमेंटेशनांतही रन-प्रोग्राम नावाचं फंक्शन आहे, पण नावावर जाऊ नका. कीवर्ड वेगळे आहेत आणि परत मिळणाऱ्या गोष्टीही वेगळ्या. एसबीसीएल प्रोसेस ऑब्जेक्ट देतं, ईसीएल पहिली किंमत म्हणून स्ट्रीम देतं. एकाचा कोड दुसऱ्यात तसाच चालेल अशी आशा धरू नये.

मग सरळ यूआयओपी का वापरू नये?

जरूर वापरा. यूआयओपी ही सगळ्या इम्प्लिमेंटेशनांवर सारखीच चालणारी लायब्ररी आहे. ती लिस्पचे प्रकल्प बांधणाऱ्या एएसडीएफ ३ बरोबर येते, म्हणजे बहुतेकांच्या मशीनवर ती आधीपासूनच असते. ‘प्रोग्राम चालवा, तो संपू दे, आउटपुट हातात द्या’ एवढंच काम असेल, तर यूआयओपी:रन-प्रोग्राम पुरेसं आहे:

```
(यूआयओपी:रन-प्रोग्राम
  '("टेसरॅक्ट" "पान.पीएनजी" "स्टडआउट" "-एल" "मार")
  :आउटपुट :स्ट्रिंग
  :एरर-आउटपुट :स्ट्रिंग
  :इग्नोर-एरर-स्टेटस टी)
```

तीन किंमती परत मिळतात: आउटपुट, एरर आउटपुट आणि एक्झिट कोड. :आउटपुट ला :लाइन्स दिलंत तर ओळींची यादी मिळते.

शेवटचा कीवर्ड मी मुद्दाम घातला आहे. तो नसेल तर एक्झिट कोड शून्याखेरीज काहीही आला की यूआयओपी सबप्रोसेस-एरर फेकतं. त्या एररमध्ये कमांड आणि कोड असतात, पण प्रोग्रामने केलेली तक्रार नसते. तक्रार ज्या स्ट्रिंगमध्ये जमत होती ती तुमच्या हातात येण्याआधीच वाऱ्यावर जाते. म्हणून एरर बंद करा, तिसरी किंमत स्वतः तपासा आणि हवी तर दुसऱ्या किमतीतला मजकूर घालून स्वतःची एरर फेका.

चालू प्रोसेसशी बोलायचं असेल, टर्मिनलचं सोंग आणायचं असेल किंवा सिग्नल हवा तसा पाठवायचा असेल, तर मात्र एसबीसीएलच्या स्वतःच्या एसबी-एक्स्ट:रन-प्रोग्रामकडे येणं सोयीचं पडतं. पुढचे प्रश्न मुख्यतः त्याबद्दल आहेत.

रन-प्रोग्राम चालवलं, प्रोसेस ऑब्जेक्ट मिळालं, पण आउटपुट कुठे आहे?

नल डिव्हाइसमध्ये. काही सांगितलं नाही तर इनपुट, आउटपुट आणि एरर तिन्ही निल असतात. म्हणजे प्रोग्रामला वाचायला काही मिळत नाही आणि तो जे लिहितो ते फेकून दिलं जातं.

:आउटपुट ला काय देता यावर पुढचं सगळं ठरतं. टी दिलंत तर मुलाला (म्हणजे सुरू केलेल्या प्रोग्रामला) तुमच्या लिस्प प्रोसेसचंच स्टँडर्ड आउटपुट मिळतं. स्ट्रिंग किंवा पाथनेम दिलंत तर त्या फाइलमध्ये लिहिलं जातं (फाइल आधीच असेल तर काय करायचं ते :इफ-आउटपुट-एक्झिस्ट्स ने स्पष्ट सांगा, मूळ वागणुकीवर विसंबू नका). लिस्पची एखादी स्ट्रीम दिलीत तर एसबीसीएल आउटपुट वाचून तिच्यात ओततं. आणि :स्ट्रीम हा कीवर्ड दिलात तर नवा पाइप (दोन प्रोसेसना जोडणारी डेटाची नळी) तयार होतो, त्याचं वाचायचं टोक प्रोसेस-आउटपुट ने मिळतं.

छोट्या कामासाठी ही जोडी सुटसुटीत:

```
(विथ-आउटपुट-टू-स्ट्रिंग (स)
  (एसबी-एक्स्ट:रन-प्रोग्राम "डेट" '() :सर्च टी :आउटपुट स))
```

एक खोच: लिस्प स्ट्रीममध्ये ओतण्याचं काम एसबीसीएलचा इव्हेंट लूप करतो. :वेट टी असताना तो फिरत असतो. :वेट निल करून तुम्ही दुसऱ्याच कामाला लागलात, तर ओतणं थांबलेलं दिसू शकतं. वाट पाहायची नसेल तर :स्ट्रीम घ्या आणि स्वतः वाचा.

:आउटपुट टी दिलं तरी स्लाइमच्या रेप्लमध्ये काही दिसत नाही.

स्लाइम (ईमॅक्समधून लिस्प चालवायची सोय) वापरताना इन्फिरिअर-लिस्प नावाच्या बफरमध्ये पाहा, तिथे असेल. टी म्हणजे लिस्प प्रोसेसचं खरं स्टँडर्ड आउटपुट. स्लाइमचं रेप्ल ही वेगळी लिस्प स्ट्रीम आहे आणि ऑपरेटिंग सिस्टीमला तिचा पत्ताही नसतो. रेप्लमध्ये हवं असेल तर टी ऐवजी \*स्टँडर्ड-आउटपुट\* ची किंमत द्या.

प्रोग्राम सापडत नाही अशी एरर येते. शेलमध्ये तर चालतो!

:सर्च टी द्या. ते नसेल तर एसबीसीएल पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) शोधत नाही, तुम्ही दिलेलं नाव हाच पूर्ण पत्ता धरतं. तरीही सापडला नाही तर लिस्पला दिसणारा पाथ तपासा. मेनूवर क्लिक करून उघडलेल्या ईमॅक्सला तुमच्या शेलच्या सेटिंग फाइलमधल्या ओळी ठाऊक असतीलच असं नाही.

आर्ग्युमेंटबद्दलही इथेच सांगून टाकतो. ती स्ट्रिंगची यादी असते आणि मध्ये शेल नसतं. त्यामुळे तारांकन उलगडत नाही, घरच्या फोल्डरची लाटेसारखी खूणही उलगडत नाही. ३०० हा आकडा तसाच दिला तर टाइप एरर येते, "३००" अशी स्ट्रिंग द्यावी लागते. पाथनेम देताना नेमस्ट्रिंग नको, नेटिव्ह-नेमस्ट्रिंग वापरा. डाउनलोड केलेल्या फाइलींच्या नावात चौकटी कंस असतातच. एसबीसीएल त्यांना वाइल्डकार्ड समजतं, म्हणून नेमस्ट्रिंग त्यांच्याआधी बॅकस्लॅश घालतं आणि बाहेरच्या प्रोग्रामला तशा नावाची फाइल काही केल्या सापडत नाही.

दोन-चार पानांच्या पीडीएफवर कोड व्यवस्थित चालतो. अख्खं पुस्तक दिलं की लिस्प कायमचं अडकतं. सीपीयूही शून्य. का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. दोष लिस्पचा नाही, पीडीएफटुटेक्स्टचाही नाही. तुम्ही बहुधा :आउटपुट :स्ट्रीम दिलं आहे आणि :वेट तसंच सोडलं आहे, म्हणजे टी.

लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. तेवढे भरले की लिहिणारा झोपतो आणि कोणीतरी वाचेपर्यंत उठत नाही. इकडे रन-प्रोग्राम प्रोग्राम संपायची वाट पाहत बसलेलं असतं, आणि वाचणारा तुमचा कोड तर त्याच्या पुढच्या ओळीवर आहे. तो थांबलाय याच्यासाठी, हा थांबलाय त्याच्यासाठी. यालाच डेडलॉक म्हणतात.

छोट्या फाइलवर हे का घडत नाही तेही आता लक्षात येईल. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे निव्वळ देवनागरीची सुमारे २१,८०० चिन्हं झाली की पाइप भरला. पुस्तकाची दहा-बारा पानं. इंग्रजी मजकुरावर चाचणी केलेला कोड तिप्पट मजकुरापर्यंत तग धरतो आणि मग मराठीवर ‘अचानक’ अडकतो. त्यात अचानक काही नसतं.

योग्य क्रम असा:

```
(लेट* ((प्र (एसबी-एक्स्ट:रन-प्रोग्राम
              "पीडीएफटुटेक्स्ट" '("पुस्तक.पीडीएफ" "-")
              :सर्च टी :वेट निल :आउटपुट :स्ट्रीम
              :एक्स्टर्नल-फॉरमॅट :यूटीएफ-8))
       (आत (एसबी-एक्स्ट:प्रोसेस-आउटपुट प्र)))
  (अनवाइंड-प्रोटेक्ट
      (लूप :फॉर ओळ = (रीड-लाइन आत निल)
           :व्हाइल ओळ
           :डू (ओळ-हाताळ ओळ))
    (क्लोज आत)
    (एसबी-एक्स्ट:प्रोसेस-वेट प्र)
    (एसबी-एक्स्ट:प्रोसेस-क्लोज प्र)))
```

शेवटच्या तीन ओळींचा क्रम बदलू नका. समजा, ओळ-हाताळ मध्येच एरर आली. पाइप अजून भरलेला आहे आणि पलीकडचा प्रोग्राम झोपलेला. आधी प्रोसेस-वेट केलंत तर पुन्हा तोच डेडलॉक, आणि तोही साफसफाईच्या कोडमध्ये, जिथे शोधायला कोणी जात नाही. वाचायचं टोक आधी बंद केलं की पलीकडचं लिहिणं अडून राहत नाही. प्रोसेस-क्लोज मात्र सगळ्यात शेवटी, कारण ते स्ट्रीम बंद करण्याबरोबरच प्रोसेसच्या स्थितीची नोंद ठेवणंही थांबवतं. त्यानंतर वाट पाहिलीत तर ‘संपला’ ही बातमी तुम्हाला कोण देणार?

आणखी एक छुपा प्रकार. प्रोग्राम संपला, तरी वाचणं संपत नाही. अशा वेळी त्या प्रोग्रामने मागे एखादी बॅकग्राउंड प्रोसेस सोडली आहे का पाहा. पाइपचं लिहायचं टोक कोणाच्याही हातात उघडं असेल तोवर फाइलचा शेवट येत नाही. शेलमधून काहीतरी मागे सोडून दिलं की हे हमखास होतं.

आउटपुट आणि एरर दोन्ही वेगवेगळी हवी आहेत.

दोन्हींना :स्ट्रीम देऊन आधी एक संपूर्ण वाचायची आणि मग दुसरी, हा वरचाच डेडलॉक नव्या कपड्यांत. पहिली वाचत असताना दुसरा पाइप भरू शकतो.

तीन मार्ग आहेत. वेगळी नकोतच असतील तर :एरर :आउटपुट द्या, दोन्ही एका पाइपात येतात. (ओळींचा क्रम मात्र टर्मिनलवर दिसतो तसाच असेल असं नाही. एरर सहसा लगेच लिहिली जाते, आउटपुट बफरमध्ये साठत राहतं.) वेगळी हवी असतील तर एक तात्पुरत्या फाइलमध्ये वळवा. यूआयओपी दोन्हींसाठी :स्ट्रिंग मागितलं की आतून हेच करतं, आणि मला हा मार्ग सगळ्यात कमी डोकेदुखीचा वाटतो. दोन्ही चालू असतानाच वाचायची असतील तर दोन थ्रेड लागतात, प्रत्येकाला एक स्ट्रीम.

काहीही करा, पण कोड लिहीत असताना :एरर निल ठेवू नका. टेसरॅक्टला मराठीची डेटा फाइल सापडली नाही तर तो ते स्टँडर्ड एररवर स्वच्छ सांगतो. तुम्ही ते फेकून दिलंत की हातात फक्त रिकामी स्ट्रिंग राहते आणि पुढचा तासभर चित्राचं रिझोल्यूशन वाढवून पाहण्यात जातो.

सॉर्टला (ओळी क्रमाने लावणाऱ्या प्रोग्रामला) ओळी पाठवल्या, तो उत्तरच देत नाही.

इनपुट बंद केलंत का? सॉर्टला शेवटची ओळ आल्याशिवाय पहिली ओळ ठरवता येत नाही. इनपुट संपलं हे त्याला पाइप बंद झाल्यावरच कळतं. (क्लोज (एसबी-एक्स्ट:प्रोसेस-इनपुट प्र)) आणि मग वाचा.

मजकूर मोठा असेल तर आणि सॉर्टऐवजी एक ओळ वाचून एक ओळ लिहिणारा प्रोग्राम असेल तर, सगळं लिहून झाल्यावर वाचायला सुरुवात करणंही धोक्याचं: त्याचा आउटपुट पाइप भरतो, तो वाचणं थांबवतो, मग तुमचं लिहिणं अडतं. लिहिण्यासाठी वेगळा थ्रेड घ्या, किंवा मजकूर फाइलमध्ये टाकून :इनपुट ला फाइल द्या.

इनपुट बंद न करता प्रश्नोत्तरं करायची आहेत. एक ओळ पाठवायची, एक वाचायची.

आधी स्वतःची बाजू पाहा. लिहिलेलं लिस्पच्या बफरमध्ये पडून असतं, प्रत्येक ओळीनंतर फिनिश-आउटपुट करा.

तेवढ्याने चाललं तर उत्तम. चाललं नाही तर पलीकडचा प्रोग्राम उत्तर तयार करून स्वतःच्या बफरमध्ये दाबून बसला आहे. सी लायब्ररी टर्मिनलवर लिहिताना ओळीगणिक पाठवते, पण पुढे पाइप दिसला की मोठा गठ्ठा जमेपर्यंत थांबते. लिस्पमधून यावर हुकूम चालत नाही, त्या प्रोग्रामलाच सांगावं लागतं. पायथनला -यू, जीएनयू सेडला -यू, ग्रेपला --लाइन-बफर्ड. असा पर्याय नसेल तर स्टडबफ -ओएल पुढे लावून पाहा. सी लायब्ररीचं नेहमीचं आउटपुट वापरणाऱ्या, डायनॅमिक लिंक केलेल्या प्रोग्रामांवरच ते चालतं.

शेवटचं हत्यार :पीटीवाय टी. यात प्रोग्रामला समोर टर्मिनल असल्याचा भास होतो आणि तो ओळीगणिक बोलू लागतो. त्याबरोबर टर्मिनलचे चोचलेही येतात: प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न चिकटतं, काही प्रोग्राम रंगांचे कोड ओकू लागतात, आणि लिनक्सवर एका ओळीला ४,०९६ बाइटची मर्यादा पडते. मराठीची तेराशे-साडेतेराशे चिन्हं झाली की पुढचं कापलं जातं. परिच्छेद पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

प्रॉम्प्टच्या शेवटी नवी ओळ नसते, त्यामुळे रीड-लाइन तिथे अडकतं. रीड-कॅर-नो-हँग वापरून प्रॉम्प्ट ओळखावा लागतो.

मराठी आउटपुटऐवजी कचरा येतो.

एका ‘म’च्या जागी तीन विचित्र चिन्हं दिसत असतील, तर यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन-१ म्हणून वाचले जात आहेत. :एक्स्टर्नल-फॉरमॅट :यूटीएफ-8 स्पष्टपणे द्या. नवीन एसबीसीएलमध्ये मूळ फॉरमॅट यूटीएफ-८ च आहे, जुन्यांमध्ये तो लोकेलवरून (सिस्टीमच्या भाषा-सेटिंगवरून) ठरायचा. त्यामुळेच टर्मिनलवर नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालवली की बिघडायची.

लिस्पची बाजू बरोबर असूनही प्रश्नचिन्हंच येत असतील, तर बाहेरचा प्रोग्राम लोकेल पाहून स्वतःच मजकूर बिघडवतो आहे. त्याला एन्व्हायर्नमेंटमधून एलसी\_ऑल=सी.यूटीएफ-8 द्या.

मजकुरात खरोखरच सडके बाइट असतील (जुन्या फाँटमधून बदललेल्या फाइलींत असतात) तर डिकोडिंग एरर येते. एकेका बाइटपायी काम थांबवायचं नसेल तर फॉरमॅट म्हणून '(:यूटीएफ-8 :रिप्लेसमेंट #\?) द्या.

आणि लांबी बाइटमध्ये सांगावी लागणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये लेंग्थ वापरू नका. ‘क्षि’ची लेंग्थ ४ येते, बाइट १२ असतात. स्ट्रिंग-टू-ऑक्टेट्स करून मग मोजा.

आउटपुट चित्र किंवा ध्वनी असेल तर?

:स्ट्रीम ने मिळालेल्या स्ट्रीमवर रीड-बाइट आणि रीड-सीक्वेन्स बाइटच्या ॲरेवर चालतं. विथ-आउटपुट-टू-स्ट्रिंगच्या वाटेला जाऊ नका.

एक्झिट कोड १ म्हणजे चूकच ना?

नेहमी नाही. ग्रेपसाठी १ म्हणजे काही सापडलं नाही, चूक झाली तर २. डिफसाठी १ म्हणजे फाइलींत फरक आहे. शेल मध्ये असेल तर १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही.

एसबीसीएलमध्ये प्रोसेस-स्टेटस आधी पाहा. ते :एक्झिटेड असेल तर प्रोसेस-एक्झिट-कोड हा खरा कोड. :सिग्नल्ड असेल तर तोच आकडा सिग्नलचा क्रमांक असतो. ९ दिसला तर प्रोग्रामने ९ परत केला असं नाही, त्याला कोणीतरी मारलं. मेमरी संपल्यावर खुद्द कर्नलही हे काम करतं.

यूआयओपीला अख्खी कमांड एकाच स्ट्रिंगमध्ये देणं सोपं वाटतं. द्यावी का?

फाइलचं नाव बाहेरून येत असेल तर नाही. स्ट्रिंग दिली की ती शेलकडे जाते, यादी दिली की थेट प्रोग्रामकडे. नावात नुसती मोकळी जागा असली तरी स्ट्रिंगचे तुकडे पडतात, आणि नावात अर्धविराम घालून पुढे फाइली पुसणारी कमांड लिहिणारा माणूसही जगात असतो. यादी दिली तरी वजाच्या चिन्हाने सुरू होणारं नाव ऑप्शन समजलं जातं. बहुतेक जीएनयू प्रोग्राम त्याआधी -- दिलेलं ओळखतात.

पाइपलाइनच हवी असेल तर शेल घ्या, पण बाहेरून आलेला प्रत्येक तुकडा यूआयओपी:एस्केप-एसएच-टोकन मधून काढा.

प्रोग्राम लटकला तर ठरावीक वेळाने मारायचा कसा?

सगळ्यात सोपं म्हणजे कमांडच्या पुढे टाइमआउट लावा: "टाइमआउट" '("30" "टेसरॅक्ट" …). वेळ संपली तर एक्झिट कोड १२४ येतो. लिस्पमध्येच करायचं तर :वेट निल ठेवा, प्रोसेस-अलाइव्ह-पी थोड्या थोड्या वेळाने तपासा, मुदत उलटली की प्रोसेस-किल ने १५ क्रमांकाचा सिग्नल (थांबण्याची विनंती) पाठवा, दोन क्षण थांबा, तरी जिवंत असेल तर ९. विथ-टाइमआउट मला या कामासाठी पसंत नाही. ते कोडच्या कुठल्याही बिंदूवर घाव घालतं, साफसफाईच्या मधोमधसुद्धा.

मध्ये शेल असेल तर मरतं ते शेल, खरा प्रोग्राम चालूच राहू शकतो. शेल टाळायचं हे आणखी एक कारण.

काही शे फाइली झाल्या की ‘फार फाइली उघड्या आहेत’ अशी एरर येते.

प्रोसेस-क्लोज राहिलं आहे. प्रत्येक :स्ट्रीम एक फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा किंवा पाइपचा क्रमांक) अडवतं आणि एका प्रोसेसची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १,०२४ असते.

चालू फोल्डर आणि एन्व्हायर्नमेंट कसं बदलायचं?

फोल्डरसाठी :डिरेक्टरी. \*डीफॉल्ट-पाथनेम-डीफॉल्ट्स\* बदलून मुलाचं फोल्डर बदलत नाही, ती लिस्पच्या घरातली गोष्ट आहे. :एन्व्हायर्नमेंट ला "नाव=किंमत" अशा स्ट्रिंगची यादी द्या, पण लक्षात ठेवा, ही यादी जुन्या यादीची जागा घेते. एकच ओळ दिलीत तर पाथ, होम सगळं जातं. (लिस्ट* "एलसी_ऑल=सी.यूटीएफ-8" (एसबी-एक्स्ट:पॉझिक्स-एन्व्हायरन)) असं करा.

माझी लिस्प स्क्रिप्टच दुसऱ्याच्या पाइपलाइनमध्ये चालवायची आहे. पुढे हेड (पहिल्या काही ओळी घेऊन थांबणारा प्रोग्राम) लावलं की ‘ब्रोकन पाइप’ अशी एरर येते.

स्क्रिप्ट --स्क्रिप्ट पर्यायाने चालवा. त्यात डीबगर बंद असतो, आणि स्टँडर्ड इनपुट, आउटपुट किंवा एररवर स्ट्रीमची एरर आली तर एसबीसीएल बॅकट्रेस न ओकता गुपचूप थांबतं. --लोड ने चालवलेल्या कोडला ही सवलत नाही, तिथे स्ट्रीम-एरर तुम्हालाच पकडावी लागते.